नॉब फिरवून स्प्रिंग कडक होत नाही हो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या रविवारच्या पुरवणीत डोंगरातल्या सायकलींवर तुम्ही पानभर लेख छापलात, फोटो झकास होते, लेखही बरा होता, मराठी पेपरात डाउनहिल म्हणजे डोंगरउतारावरच्या सायकलिंगवर कोणी काही छापतं याचंच कौतुक. पण कोपऱ्यात जी चौकट होती ना, तिच्यात लिहिलंय की तुमचं वजन जास्त असेल तर फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकॲब्सॉर्बरच्या, वरचं नॉब घट्ट फिरवा म्हणजे स्प्रिंग कडक होते आणि वजन कमी असेल तर सैल करा म्हणजे मऊ होते. ते वाचून माझा चहा तसाच गार झाला. मी भोसरीला स्प्रिंगच्या कारखान्यात २२ वर्षं क्वालिटीला आहे, दिवसभर स्प्रिंगा दाबून लोड बघणं हेच काम, आणि हीच चूक मी स्वतः घरी माझ्या पोराच्या सायकलवर केली आहे, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबेल, कापायचं तर कापा पण आकडे कापू नका.

आमच्या चिरंजीवांनी गेल्या दिवाळीत सेकंडहँड डाउनहिल सायकल घेतली. मला आधी वाटलं सायकल म्हणजे सायकल, घरी आणल्यावर बघतो तर पुढं बुलेटसारखा दोन क्राउनचा (वर-खाली दोन पट्ट्यांनी धरलेला) फोर्क, २०० मिलीमीटर ट्रॅव्हल, म्हणजे चाक वीतभर वर जाऊ शकतं. एका पायात लांबलचक स्प्रिंग, दुसऱ्या पायात हालचालीचा वेग अडवणारा तेलाचा डॅम्पर. आधीचा मालक चांगला धिप्पाड, नव्वद किलोच्या घरातला. आमचा मुलगा ५८ किलो, तेही जेवल्यावर. मुळशीकडच्या उतारांवर दोन-तीन रविवार जाऊन आला आणि दर वेळी तळहाताला फोड, मनगटं सुजलेली, पुढचं चाक वळणात सुटतंय म्हणायचा. मित्र म्हणाले जिम लाव, हात कच्चे आहेत. आमच्या सौ. म्हणाल्या विकून टाक. मी म्हणालो फोर्क बघू.

ही मंडळी एक सोपी युक्ती करतात, ती चांगली आहे. फोर्कच्या चकचकीत पाईपला प्लास्टिकचा केबल टाय बांधायचा आणि खाली रबरी सीलपर्यंत सरकवून ठेवायचा, फोर्क जेवढा दबेल तेवढा तो टाय वर सरकतो आणि तिथंच राहतो. मग हेल्मेट, पॅड, पाण्याची पिशवी सगळं घालून पेडलवर उभं राहायचं, उतारावर जसं उभं राहतो तसं, कोपरं बाहेर, गुडघे वाकलेले, सीटवर बसून नाही. कोणीतरी सायकल धरायची, ब्रेक दाबायचे नाहीत, हळूच चढायचं हळूच उतरायचं आणि टाय किती सरकला ते मोजायचं. याला सॅग म्हणतात. डाउनहिलच्या फोर्कला साधारण २० ते २५ टक्के सॅग धरतात म्हणजे २०० मिमीच्या फोर्कला ४० ते ५० मिमी. आमच्याकडं आला २५. आणि उतारावरून परत आल्यावर बघावं तर टाय १४० च्या वर कधी गेलाच नव्हता. म्हणजे २०० मिमीचे पैसे दिले आणि वापरतोय १४०.

आता इथं मी काय केलं, २२ वर्षांचा अनुभवी माणूस, नॉब पूर्ण सैल केलं. सॅग २५ चा ३० झाला आणि मी खूश, म्हटलं झालं काम. पुढच्या रविवारी पोरगं परत तसेच हात घेऊन आलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अरे आपण कारखान्यात नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात जे शिकवतो तेच घरी विसरलो.

ते नॉब म्हणजे प्रीलोड. सैल किंवा घट्ट केल्यानं स्प्रिंग बसल्या जागी थोडी आधीच दाबलेली असते किंवा नसते, एवढंच. रिक्षाच्या मीटरसारखं समजा. मिनिमम भाडं वाढवलं तर बसल्याबसल्या जास्त पैसे होतात, पण पुढच्या किलोमीटरचा रेट तोच राहतो. प्रीलोड म्हणजे मिनिमम भाडं. आणि स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे किलोमीटरचा रेट, आमच्याकडं शॉपमध्ये सुद्धा त्याला रेटच म्हणतात, एक मिलीमीटर दाबायला किती किलो लागतात तो आकडा. तो नॉबनं बदलत नाही, कधीच बदलत नाही, त्यासाठी स्प्रिंगच बदलावी लागते.

मी ती स्प्रिंग काढून लोड टेस्टरवर घातली (साहेबांना विचारून, जेवणाच्या सुट्टीत). दर मिमीला ०.८ किलो. विलायती मापात ४५ पाउंड पर इंच. आता हिशोब बघा. नॉब ५ मिमीनं घट्ट केलं तर सुरुवातीला ४ किलो जास्त लागतील, पण पूर्ण २०० मिमी दाबायला १६० किलो लागतात तिथं १६४ लागतील. हातात काय फरक कळणार? काही नाही. उलट नुकसान असं की सॅग कमी होतो, आणि सॅग नुसती फोर्क दबायची जागा खात नाही, तो चाकाला खाली जायला जागा देतो. दगडावर चाक वर जातं हे सगळ्यांना कळतं पण दगडाच्या पुढं खड्डा असतो त्यात चाक खाली उतरलं पाहिजे, नाहीतर ते हवेत आणि हवेतलं चाक ना वळतं ना ब्रेक लागतो. आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर तर मुरूम आणि सुटे गोटे, तिथं चाक जमिनीला चिकटून राहणं हीच सगळी कमाई आहे. पोरगं म्हणत होतं चाक वळणात सुटतं, ते याचमुळं.

मग किती रेटची स्प्रिंग पाहिजे? इंटरनेटवर कॅलक्युलेटर असतात, वजन टाका आकडा घ्या, माझा त्यावर फार विश्वास नाही कारण कोण पुढं झुकून चालवतो कोण मागं त्यावर सगळं अवलंबून. मी घरचा वजनकाटा घेतला. पुढचं चाक काट्यावर, मागचं चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर, म्हणजे सायकल लेव्हल. पोरगं सगळं सामान घालून त्याच्या पद्धतीनं उभं, धाकटीनं सीट धरली, मी आकडा वाचला, ३३ किलो. यातून चाक, टायर, डिस्क, फोर्कचा खालचा भाग हे वजा करायचं कारण ते स्प्रिंगच्या खाली असतं, त्याचं वजन स्प्रिंगवर येत नाही, ते ५ धरलं. राहिले २८. पण फोर्क सरळ उभा नसतो, डाउनहिल सायकलचा फोर्क पुढं बराच कललेला असतो, जमिनीशी साधारण ६३ अंश, त्यामुळं वजनाचा सगळा भाग त्याच्या रेषेत येत नाही, २८ ला ०.८९ नं गुणलं की २५ किलो. आता ४५ मिमी सॅग पाहिजे तर २५ भागिले ४५, ०.५५ च्या आसपास, ४० मिमी चालत असेल तर ०.६२ च्या आसपास. आणि आमच्या फोर्कात होती ०.८. जुन्या ९० किलोच्या मालकाला ती अगदी बरोबर होती, त्या माणसाची काही चूक नाही.

इथं एक गोष्ट लिहितो जी तुमच्या लेखात यायला पाहिजे होती. या फोर्कबरोबर कंपनीतून येणारी मिडीयम स्प्रिंग साधारण ७० ते ८० किलोच्या माणसाला धरून केलेली असते, म्हणजे युरोप-अमेरिकेतला गडी. आपल्याकडं या खेळात येणारी पोरं कॉलेजातली, ५५-६० किलोची काटक. म्हणजे फोर्क नवा कोरा घेतला तरी यातल्या बऱ्याच पोरांना पहिल्या दिवसापासून स्प्रिंग एक पायरी जास्त कडक असते, आणि दुकानात विचारलं तर उत्तर काय मिळतं, चालव हजार किलोमीटर, मोकळी होईल. स्प्रिंग मोकळी होत नाही हो. सील थोडे मोकळे होतात, बुशिंग बसतात, ते वेगळं. चांगल्या स्प्रिंगला कारखान्यातच पूर्ण दाबून दाबून सेट करून टाकलेलं असतं म्हणजे नंतर तिची लांबी कमी होऊ नये, आणि समजा सेट जाऊन लांबी दोन मिमी कमी झालीच तरी कमी होतो तो प्रीलोड. रेट तिथंच.

दुसरा सल्ला तर याहून भारी मिळाला. एका दुकानदारानं सांगितलं की दोन-तीन वेढे कापून टाका, छोटी झाली की मऊ होईल. कृपा करून असं कोणी करू नका! स्प्रिंग कापली की ती कडक होते. कारण जेवढे वेढे जास्त तेवढी दाब वाटून घ्यायला तार जास्त, वेढे कमी केले की उरलेल्या प्रत्येक वेढ्याला जास्त पिळावं लागतं. समजा ३० वेढ्यांची स्प्रिंग आहे, ३ कापले, राहिले २७, रेट ११ टक्क्यांनी वाढला. वर कापलेलं टोक तिरपं राहतं, ते फोर्कच्या पाईपला आतून ओरखडे पाडतं आणि ते पाईप काय किमतीला येतात ते सांगून तुमच्या वाचकांचा रविवार खराब करत नाही.

तारेची जाडी ही सगळ्यात फसवी. रेट जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो. ५ मिमीच्या ऐवजी ५.२ तार घेतली, बाकी सगळं तेच, तर रेट १७ टक्के वर. दोन दशांश मिमी डोळ्याला दिसत नाही. म्हणून तर कंपन्या स्प्रिंगवर रंग मारतात, पण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, एकीकडं निळी मधली तर दुसरीकडं निळी कडक, आणि सेकंडहँड मालात रंग घासून गेलेला. त्यामुळं जुनी स्प्रिंग घेताना रंगावर जाऊ नका. टेस्टर नसेल तर घरी पण अंदाज येतो, स्प्रिंग वजनकाट्यावर उभी ठेवा, आतून एक पाईप घाला कारण एवढी लांब बारीक स्प्रिंग दाबली की वाकडी होते, वरून बरोबर ५० मिमी दाबा आणि काटा वाचा, आलेल्या किलोला ५० नं भागा. पहिले काही मिमी सोडून मोजलंत तर अजून चांगलं कारण सुरुवातीला टोकं बसत असतात. दोघं लागतात आणि एकानं काट्यावरची नजर काढायची नाही.

जाता जाता, हा दाब आणि लांबीचा सरळ हिशोब ज्यानं पहिल्यांदा मांडला तो रॉबर्ट हूक, त्यानं १६७६ मध्ये तो नियम अक्षरांचं कोडं करून छापला म्हणजे कोणी चोरू नये, आणि उत्तर १६७८ मध्ये दिलं. साधारण त्याच काळात आपले महाराज दक्षिण दिग्विजयावर होते. साडेतीनशे वर्षं होत आली आणि अजून आपण नॉब फिरवतोय.

बरं पुढं. मऊ स्प्रिंग शोधायला आम्हाला दोन महिने गेले. एका मुलाकडून जुनी मिळाली, टेस्टरवर ०.६२ आली. मला मोह झाला होता आमच्याकडंच वळून घ्यावी, सिलिकॉन क्रोमची तार आहे, मशीन आहे, पण बाहेरचा व्यास पाईपमध्ये बसला पाहिजे, आतून खडखड नको, पूर्ण दबल्यावर वेढ्याला वेढा लागता कामा नये, आणि मुख्य म्हणजे पोराच्या दातांचा प्रश्न आहे, म्हणून नाही केलं. ती ०.६२ वाली बसवली, प्रीलोड शून्य, सॅग ३८ मिमी, १९ टक्के. एक टक्का कमी, चालतंय. पहिल्याच उतारावर टाय १८५ पर्यंत गेला. हाताला फोड नाही.

पण एक गंमत झाली. पहिल्या दिवशी तो म्हणाला ओळीनं दगड आले की पुढचं खाली खाली बसत जातं. मला वाटलं स्प्रिंग फारच मऊ झाली का काय. तसं नव्हतं. रिबाउंड म्हणजे फोर्क दबून परत वर यायचा वेग, तो तेलानं अडवलेला असतो आणि ती अडवणूक जुन्या कडक स्प्रिंगसाठी लावलेली होती. मऊ स्प्रिंग वर ढकलते कमी जोरानं, अडवणूक तेवढीच, मग एका दगडातून वर येईपर्यंत दुसरा दगड येतो. रिबाउंड दोन क्लिक मोकळा केला आणि सुटलं. तेव्हा स्प्रिंग बदलली की रिबाउंड परत लावायचा, मऊ केली तर मोकळा, कडक केली तर आवळायचा. हे पण चौकटीत नव्हतं.

उलटी बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर सगळे उठून मऊ स्प्रिंगा टाकतील. फार मऊ असेल तर ब्रेक दाबला की सायकल नाक खुपसते, तीव्र उतारावर हँडलवरून पुढं जातोय असं वाटतं आणि छोट्या उडीला पण फोर्क ठणकन तळाला लागतो. दिवसात एखाद्या वेळी लागला तर हरकत नाही, पूर्ण ट्रॅव्हल वापरायलाच आहे. दर राउंडला लागायला लागला तर एक पायरी जास्त कडक स्प्रिंग टाका. उतार जेवढा तीव्र तेवढं वजन पुढं येतं त्यामुळं खड्या उताराच्या ट्रॅकवर काही जण मुद्दाम सॅग थोडा कमी ठेवतात ते बरोबरच आहे.

आणि डाउनहिलच्या वर्ल्ड कपवाल्यांची सेटिंग बघून नक्कल करू नका. आमच्याकडं रात्री जेवताना हेच चालू असतं, मला आता सगळे ट्रॅक पाठ झालेत, स्कॉटलंडचं फोर्ट विल्यम, इटलीचं व्हाल दी सोले जिथं मुळांचा नुसता जिना आहे. २०११ ला स्वित्झर्लंडच्या शांपेरीत भर पावसात त्या इंग्लंडच्या डॅनी हार्टनं वर्ल्ड चॅम्पियनशिप ११ सेकंदांहून जास्त फरकानं जिंकली, जिथं एरवी दशांशावर निकाल लागतात, ते तर मी दहा वेळा पाहिलं असेल. ही मंडळी ज्या वेगानं दगडावर आदळतात त्या वेगाला कडक फोर्क लागतो. आपलं पोरगं त्याच्या निम्म्या वेगानं जातंय तर त्याला तो फोर्क लोखंडी पहारीसारखा लागणार.

हवेच्या फोर्कबद्दल थोडक्यात, कारण आता नवीन बहुतेक तेच येतात. त्यात स्प्रिंगच्या जागी हवा, त्यामुळं रेट बदलायला शॉक पंप पुरतो, हलक्या पोरांना ही मोठी सोय आहे, परदेशातून स्प्रिंग मागवायला नको. पायावर चिकटवलेला तक्ता सुरुवातीला धरा मग सॅग मोजून तीन-चार पीएसआयनं (हे हवेच्या दाबाचं माप) खालीवर करा, आणि हवा भरल्यावर फोर्क दहा वेळा हळू दाबा म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा बरोबर होते, मगच मोजा. सॅग बरोबर पण तळाला लागतंय तर हवा वाढवू नका, आत प्लास्टिकचे टोकन घाला, त्यानं फक्त शेवटचा भाग कडक होतो. पंप काढताना फुस्स होतं ती पंपाच्या नळीतली हवा, घाबरून परत भरत बसू नका, आमच्याकडं शेजारचा मुलगा तसं करून दर वेळी पाच पीएसआय जास्तच घेऊन फिरत होता.

अजून एक गोंधळ नेहमी होतो. मागच्या शॉकच्या स्प्रिंगवर ३५० असा आकडा छापलेला असतो आणि पुढची म्हणे ३५ ची, मग पोरं म्हणतात पुढची दसपट मऊ कशी. दोन्ही पाउंड पर इंचच आहेत. पण मागं चाक २०० मिमी हलतं तेव्हा शॉक ७५ मिमीच दबतो, मधे तरफ आहे, चाक शॉकच्या पावणेतीन पटीच्या जरा खाली हलतं. आणि चाकापाशी रेट काढायला तरफेच्या वर्गानं भागायचं, म्हणजे ३५० भागिले सात-सव्वासात, आले ४८-४९. आता कळलं ना, मागं वजन जास्त म्हणून थोडी कडक, बाकी जोडी बरोबर आहे. मागचा सॅग ३० टक्क्याच्या आसपास ठेवतात, पुढची स्प्रिंग बदलली तर मागचा पण एकदा बघून घ्या, नाहीतर सायकल एकीकडं झुकलेली राहते.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच आकाराच्या टायपात दुरुस्ती छापा. नॉबनं प्रीलोड बदलतो, कडकपणा स्प्रिंग बदलून बदलतो, आणि स्प्रिंग ठरवायला केबल टाय लागतो. तीन ओळीत बसतंय. आणि सायकल दुकानवाल्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांना सांगणं आहे, लाखाच्या वरची सायकल विकताना गिऱ्हाइकाला काट्यावर उभं करा, एक मऊ स्प्रिंग स्टॉकला ठेवा. आमची जुनी ०.८ ची स्प्रिंग घरी पडून आहे, ८५-९० किलोचा कोणी असेल तर घेऊन जावी, पैसे नकोत, फक्त कापणार नाही असं कबूल करायचं. पत्ता तुमच्या ऑफिसात देऊन ठेवतो.

आपला,
पुरवणीचा जुना वाचक, भोसरी
(नाव छापू नये, साहेब पण हाच पेपर वाचतात)